एकाच वर्षाचा करार

इंदुताईंनी अखेर वीज कंपनीला फोन लावला. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या त्या घरात विजेचा दर वर्ष-दोन वर्षांसाठी कधी पक्का करून घ्यायचा, हे इतकी वर्षं त्यांचे पती दिगंबररावच ठरवत आले होते. फेब्रुवारीत ते गेले. तेव्हापासून भाव चढत होते, उतरत होते आणि इंदुताईंचा निर्णय काही होत नव्हता.

“तुमचा दर आज सकाळीच पक्का झालाय,” फोनवरची मुलगी म्हणाली. “तुमच्या यजमानांचा फोन आला होता.”

“अगं, ते वारले,” इंदुताई कशाबशा म्हणाल्या.

मुलगी गडबडली. “पण त्यांनी जन्मतारीख, खाते क्रमांक, सगळं बरोबर सांगितलं. दोन वर्षांचा करार स्वस्त पडेल म्हटलं, तर त्यांनी एकाच वर्षाचा मागितला. म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात बायको या घरात नसेल.”

 हीटर चालू असूनही इंदुताईंना हुडहुडी भरली.

“करार रद्द करू का?” मुलीने घाबरतच विचारलं.



“राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यांचा अंदाज आजवर कधी चुकला नाही.”