अनस मास्तरांची धून

तिसऱ्यांदाही कॅसेट मध्येच अडकली. सादिकनं चष्मा काढून डोळे चोळले. टीव्हीच्या पडद्यावर पुन्हा तेच रंगीत पट्टे, आणि कॉम्प्युटर गप्प.

सादिक चंद्रपुरातला टीव्ही मेकॅनिक. साठी उलटल्यावर दुकान बंद केलं, पण जुन्या आठ-बिटी कॉम्प्युटरांचा नाद काही सुटला नाही. की-बोर्डच्याच पोटात अख्खी मशीन. ती टीव्हीला जोडायची आणि गेम असो की गाणं, टेपरेकॉर्डरवरून चढवायचं. नागपूर-पुण्याकडच्या अशाच शौकिनांचा फोनवर एक ग्रुप होता. कुणाची मशीन मेली की ती सादिककडे यायची.

ही मशीन चामोर्शीची. गणिताचे अनस मास्तर वारले आणि त्यांची बहीण निशात ती घेऊन आली. सोबत एक कॅसेट.

"भावानं याच्यावर सोताच धून बनवली होती," ती म्हणाली. "कोण्या पोरीसाठी. एकदाच वाजवली, तिच्यासमोर. आमाले बी ऐकू नाई दिली. मंग तिचं लग्न दुसरीकडं झालं, अन् यानं कॅसेट पेटीत टाकून कुलूप लावलं. जनमभर एकटाच राह्यला."

"कोण होती?"

"नाव नाई घेतलं कधी. मले फक्त ऐकाचं आहे, भाऊ. चाळीस सालात घरात कोणी ऐकली नाई."

"ऐकवतो," सादिक बोलून गेला.

त्याला आता दोन महिने झाले होते. फितीवर बुरशी चढली होती. ती त्यानं कापसानं बोट-बोट करत पुसून काढली. मशीनमधल्या मेलेल्या चिपा बदलल्या. यात मान धरली, पाठ धरली, झोप उडाली.

"सोडा ना आता," खुर्शीदा म्हणाली. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या या नादाला कधी नावं ठेवली नव्हती. "तब्येत पाहा जराशी."

"तुझ्या माहेरच्या, चामोर्शीच्या माणसाचं काम आहे. अर्ध्यात कसं सोडू?"

"चहा थंडा होऊन राह्यला," ती म्हणाली आणि आत गेली.

ग्रुपमधल्या नागपूरच्या गुणवंतरावांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "शेवटचा भाग बुरशीनं खाल्ला, भाऊ. तो आता कोणालेच नाई मिळत. जेवढं हाय तेवढं वाजव अन् आराम कर."

सादिकलाही ते पटलं होतं. पण निशातला अर्धवट धून कशी ऐकवायची, हा घोर होताच.

दुपारी त्यानं चौथ्यांदा कॅसेट लावली. टेप किंचाळत राहिली, पट्टे धावत राहिले. आणि कॉम्प्युटरनं उरलेलं सगळं गिळलं. सादिकनं कळ दाबली.

खेळण्यातून यावेत तसे तीन बारीक आवाज. खालचा एकेक पायरी चढत होता, वरचे दोघे थांबून त्याची वाट पाहत होते. सादिकचा शीण कुठल्या कुठे गेला. या माणसाला बोलायला शब्द लागलेच नसते, असं त्याला वाटलं.

मग मधल्याच एका सुरावर धून तुटली. घरात एकदम शांत झालं. पुढचं मास्तरांबरोबरच गेलं, असं म्हणत त्यानं मशीन बंद करायला हात नेला.

स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेली खुर्शीदा तीच धून, तुटली होती तिथून पुढं, गुणगुणत होती.