खाटेजवळचं स्टूल

सगुणाबाईंनी आजही पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मोहिनीने सकाळी भरून ठेवलेलं स्टीलचं फुलपात्र खाटेजवळच्या स्टुलावर तसंच होतं. अकरा वाजून गेले होते.

"आत्या, पाणी प्या की."

"पिते मागनं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर भाताच्या खाचरांकडे तोंड फिरवलं.

मोहिनीने पुन्हा ब्रश उचलला. वाद घालायचंही तिच्यात त्राण नव्हतं. पहाटे पाचला उठून नवऱ्याचा डबा, मग आत्यांचं अंग पुसणं, चादरी बदलणं, लघवीचं भांडं देणं. अमृत शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला की उत्रोलीच्या त्या घरात दिवसभर या दोघीच. पाय घसरून सगुणाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या, तेव्हा मोहिनीने नसरापूरच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली. त्याला दीड वर्ष झालं होतं.

तिच्यासाठी उरलं होतं ते एवढंच. वीतभर हार्डबोर्ड, तैलरंगाच्या ट्यूबा आणि सकाळचे दोन तास. नीट उजेड देणारी खिडकी घरात एकच, खाटेजवळची. म्हणून चित्रंही स्टुलावरच्या वस्तूंचीच. फुलपात्र आणि लसणाचा गड्डा. फुलपात्र आणि कंगवा. आता फुलपात्र आणि औषधाची बाटली. एकेका चित्राला आठ-आठ दिवस लागत. वस्तू जागच्या हलू नयेत म्हणून ती त्यांच्याभोवती खडूने रेघ मारून ठेवी. पाण्याचं तिला काही नव्हतं. आत्या प्यायल्या तर पुन्हा भरता येई. पण रोज सकाळी तिला कालचंच शिळं पाणी ओतून टाकावं लागे. मोहिनी तांब्यातून देई ते गोळीपुरते दोन घोट आणि जेवताना थोडं, एवढंच काय ते सगुणाबाईंच्या पोटात जाई.

गेल्या दोन महिन्यांत त्यांना तीनदा थंडी वाजून ताप आला. लघवीला आग होई. काल त्यांना रिक्षात घालून भोरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "यांना पाणी देता की नाही? आता पुन्हा ताप आला तर ॲडमिटच करावं लागेल. या वयात किडनीवर गेलं तर अवघड आहे." बाकावरच्या बायका वळून मोहिनीकडे बघू लागल्या. परत येताना सोबत आलेली नणंद ठकुबाई तिच्या बोटांना लागलेल्या रंगाकडे बघत म्हणाली, "चित्रातनं डोकं वर काढलं तर आईचं काय ते दिसंल."

आत्या पाणी का पीत नाहीत, ते मोहिनीला ठाऊक होतं. प्यायलं की भांडं मागावं लागतं, सुनेला उठवावं लागतं, त्याची लाज. नाहीतर हट्ट. काय असेल ते असो. तिला आता कारणही नको होतं.

तिने चित्रातल्या पाण्यावर खिडकीचा पांढरा ठिपका ठेवला. तो चुकला. पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा चुकला. मग तिने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्याला पुसला. ट्यूबांची झाकणं लावली आणि एकेक करून त्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. उद्या हा डबा माळ्यावर टाकायचा. मग कुणाला बोलायला जागा उरणार नाही.

डब्याचं झाकण वाजलं तशी सगुणाबाईंनी मान वळवली.

"झालं व्हय चित्तर?"

"झालं," मोहिनी म्हणाली.

सगुणाबाईंनी उशीवर कोपर टेकवलं, हात लांबवला आणि फुलपात्र उचलून तोंडाला लावलं. घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं तरी थांबल्या नाहीत. तळ लागल्यावर त्यांनी ते अदमासाने, पण बरोबर खडूच्या रेघेत परत ठेवलं आणि डोळे मिटून श्वास सोडला.

मोहिनी बघत राहिली. "एवढी तहान लागली होती? मग इतका वेळ का नाही प्यायलात?"

"तू काढत हुतीस न्हवं."

मोहिनीला काही कळेना. सगुणाबाई दम खाऊन म्हणाल्या, "दिवाळीत म्या तुझं संत्रं खाल्लं. मला काय ठावं, ते चित्तरातलं हाय. तू काय बोलली न्हाईस. मागं मोरीवर बसून रडलीस. हितं समदं ऐकू येतं. तवाच ठरिवलं, तुझं पुरं हुईस्तोवर स्टुलावरच्या कशाला हात लावायचा न्हाई."

मोहिनी खाटेच्या कडेवर बसली.

"दाव की," सगुणाबाई म्हणाल्या. दीड वर्षात त्यांनी कधी मागितलं नव्हतं आणि हिनेही कधी दाखवलं नव्हतं.

मोहिनीने बोर्ड त्यांच्यासमोर धरला. फुलपात्राचा काठ झाला होता, पाणी थोडं झालं होतं. बाकी सगळा नुसता तपकिरी रंग.

सगुणाबाईंनी डोळे बारीक करून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्ये तर अर्धंच हाय. तू झालं म्हणालीस म्हणून प्याले गं म्या. आता कसं?"

मोहिनी उठली. तिने डबा उघडला, रंगाची सुरी काढली आणि बोर्डावर रंगवलेलं, अजून ओलं असलेलं पाणी खरवडून टाकलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"आत्या, आता रिकामं फुलपात्र काढते. पण त्याचा तळ ओला दिसायला हवा, नुकतंच कुणी पिऊन ठेवल्यासारखा. वाळला की मला काही दिसणार नाही. दर तासाला तुम्हाला ते पिऊन ठेवावं लागेल."

सगुणाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग फुलपात्राकडे पाहिलं.

"भर मग," त्या म्हणाल्या.