धुण्याचा दगड

"असा दगड असता ना मॅडम, तर मी स्वतः खांद्यावर घालून आणला असता," सासरे म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

तालुक्याहून पाहणीला आलेल्या मॅडमनी बिस्किट घेतलं नाही. मांडीवरच्या फायलीत एकच रकाना कोरा राहिला होता : जुना पुरावा. तो भरला तर झऱ्यामागचा डोंगर संरक्षित यादीत जाणार होता. नाही भरला तर सोमवारपासून तिथे सासऱ्यांची खाण सुरू. पाणलोट समितीची माणसं दारात दाटीवाटीने उभी होती. तीन वर्षं त्यांनी त्या उतारावर चर खणले, बांध घातले, झाडं जगवली होती. आता सगळं त्या रकान्यात अडकलं होतं.

"दगड होता," पायरीवर बसलेला म्हातारा म्हणाला. तो सुनेचा बाप. त्याला खुर्ची दिलेली नव्हती. झऱ्याचं पाणी गावाला वाटून देण्यात त्याचा जन्म गेला होता. "झऱ्याच्या तोंडाशीच होता. त्यावर अक्षरं कोरलेली. मला पाठ आहेत."

"असणारच की पाठ. तुम्हीच रचलीत ना!" सासरे हसले. "मॅडम, अख्खा गाव ह्यांना थापाड्या म्हणतो. व्याही आहेत माझे, म्हणून मी आपला मानाने बोलतो."

दारातले एकदोघं हसले. समितीतलेच. म्हाताऱ्याने मान खाली घातली.

सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. कडेवर आठ महिन्यांची लेक. तिला दात येत होते, त्यामुळे आईचा खांदा चावून चावून तिने ओला केला होता. सुनेने तिच्या जावळावर ओठ टेकले, क्षणभर तिथेच ठेवले. मग म्हणाली,

"मॅडम, जरा मागच्या अंगणात येता? धुण्याचा दगड उलटा करायचाय. मला एकटीला हलत नाही."

"अगं, पाहुण्यांसमोर धुणं कसलं काढतेस!" सासरे म्हणाले. म्हणता म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आटलं.

पण मॅडम उठल्या होत्या.

दगड चांगला पुरुषभर लांब होता, वरून साबणाने पांढरा आणि गुळगुळीत झालेला. चौघांनी पहारी लावल्या. तो कण्हल्यासारखा आवाज करत उठला आणि पलीकडे आडवा झाला. खालच्या बाजूला ओली माती, पळापळ करणारे किडे, आणि मातीत बुजलेल्या, पण सरळ रेषेत चाललेल्या अक्षरांच्या तीन ओळी.

सासऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी तो ट्रॅक्टरमधून आणून इथे पालथा टाकला होता. घरातल्या बायकांना नवा दगड म्हणून. एरवी ह्या धुण्याच्या कोपऱ्यात ते स्वतः कधी फिरकत नसत. म्हणून इथे कुणाचं लक्ष जाणार नाही, असं ते धरून चालले.

चार महिन्यांपूर्वी दगड डुगडुगायला लागला. खाली खापरी सरकवायला सुनेने हात घातला, तर साबणाने बुळबुळीत झालेली बोटं खाचांत रुतली. लेक शेजारी टोपलीत झोपली होती. सुनेने एक एक खाच चाचपली. लहानपणी बापाने झोपवताना म्हटलेल्या ओळी बोटांना लागत गेल्या. तिने खापरी नीट बसवली आणि उरलेले कपडे धुतले.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "पाठ आहे म्हणालात ना? म्हणा."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "येथून वरती कुदळ लावू नये. जो लावील त्याने पाणी मागू नये. खाली लेकरे आहेत."

मॅडमचं बोट दगडावरून त्याच्या आवाजाबरोबर सरकत होतं. शेवटच्या अक्षरावर ते थांबलं. त्यांनी फाईल उघडली आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. मघाशी हसलेल्यांपैकी एकाने घरातून खुर्ची आणून म्हाताऱ्याच्या मागे ठेवली. म्हातारा बसला नाही.

सासरे सुनेच्या जवळ सरकले. "कधीपासून माहीत होतं?"

"चार महिने."

"मग मला एकट्याला सांगायचंस ना पोरी. घरातलं घरात मिटवलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," ती हळूच म्हणाली. लेकीचा डोळा लागत होता. "माझ्या आबांना तुम्ही चारचौघांत थापाड्या केलंत. चारचौघं जमेपर्यंत मी थांबले. रोज तुमचेच सदरे आपटत होते ह्याच्यावर. वेळ बरा गेला."

"फोटो घ्यायचाय," मॅडम म्हणाल्या. "माती तेवढी काढायला हवी. हलक्या हाताने."

समितीतले दोघं पुढे झाले. पण त्यांच्याआधी सासूबाई आल्या. सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी कोनाड्यातला मऊ ब्रश काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"ती बाजू आम्ही घासली इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "ही तुमची."

सासऱ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. हसत कुणीच नव्हतं. ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि कोरडाच ब्रश अक्षरांवर फिरवू लागले. माती हलेना.

"पाणी दे," मान वर न करता ते म्हणाले.

"नाहीये," सून म्हणाली. "खाणीच्या चाचणीचे सुरुंग उडवलेत तेव्हापासून विहिरीत थेंब नाही. भरून आणलेलं होतं ते तुमच्या चहात संपलं." तिने भिंतीशी उपडी घातलेली कळशी पायाने पुढे सरकवली. "झऱ्यावर जावं लागतं. अर्धा तास, सगळा चढ."

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. मग समितीच्या माणसांकडे. मग कळशीकडे.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि त्या ओट्यावर ऐसपैस बसल्या.

"या जाऊन," त्या म्हणाल्या. "आम्ही थांबतो."