दहा सेकंदांची रेणू

माझी लेक रेणू वारली. मोबाईलमध्ये तिचा दहा सेकंदांचा व्हिडिओ तेवढा उरला. बिरसी गावच्या धानातल्या धुऱ्यावरून, बांधावरून, ती घराकडे चालत येते.

तो व्हिडिओ रोज लांबत गेला. मोबाईल म्हणे, जागा संपली. मी लग्नाचे, बारशाचे फोटो पुसले की रेणू आणखी चार पावलं पुढे यायची. काल आमच्या अंगणात येऊन थांबली.

सून म्हणाली, "माय, आता माझ्या खुशबूचेच फोटो उरले. ते नोका काढू."

"तुझी लेक समोर खेळून राहिली. माझी कुठं आहे?" असं म्हणून मी सारे पुसले.

अंगणात सून खुशबूला हाका मारून राहिली आहे. व्हिडिओत रेणू धुऱ्यावरून परत निघाली आहे, कडेवर खुशबूला घेऊन.