करंगळीशेजारचं बोट

“हळू बांध रे,” थोरला म्हणाला आणि त्याने ओठ चावला.

धाकट्याने चिकटपट्टी गुंडाळायची थांबवली. करंगळीशेजारचं बोट वांग्यासारखं झालं होतं, आकाराने आणि रंगानेही. काल सरावात चेंडू लागला तेव्हाच ते मोडलं होतं. थोरल्याने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. धाकट्याला सांगायची गरजच नव्हती.

थोरला देशाचा यष्टिरक्षक आणि भरवशाचा फलंदाज. पदार्पणापासून त्याची एकही कसोटी चुकली नव्हती. धाकटा राखीव यष्टिरक्षक. वयाने खरं तर तोच मोठा; पण संघात वय सामन्यांवरून मोजतात, आणि त्याच्या खात्यात एकही नव्हता. राखीव यष्टिरक्षकाचं काम तसं सोपं असतं. दुसऱ्याच्या बोटांची काळजी घ्यायची आणि मनातसुद्धा त्यांचं वाईट चिंतायचं नाही. पहिलं त्याला उत्तम जमायचं.

“काल टीव्हीवर दिसलास हो,” आई फोनवर म्हणायची. “पाण्याचा ट्रे अगदी सरळ धरला होतास.”

मग तो हॉटेलच्या खोलीत ग्लोव्हज चढवायचा आणि आरशासमोर उकिडवा बसायचा. अपील मात्र मनातल्या मनात करायचा. भिंती पातळ असत.

आता मालिकेतली शेवटची कसोटी होती. पुढच्या मोसमात नवी पोरं येणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आज नाही तर कधीच नाही.

प्रशिक्षक दारातून डोकावले. “बोट कसंय?”

“याला विचारा,” थोरला म्हणाला. “माझ्यापेक्षा हाच जास्त ओळखतो त्याला.”

प्रशिक्षक धाकट्याकडे वळले. “काय रे? खेळेल ना हा?”

‘मोडलंय’ हा शब्द धाकट्याच्या घशापर्यंत आला. तेवढ्यात त्याचं थोरल्याकडे लक्ष गेलं. थोरला एकटक त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेतली विनवणी आंधळ्यालाही दिसली असती.

“जरा सुजलंय,” धाकटा म्हणाला. “बाकी ठणठणीत.”

थोरल्याने पहिल्याच दिवशी दोन सोपे झेल सोडले. दोन्ही डावांत भोपळा फोडला नाही. प्रेक्षक ‘घरी जा’ म्हणून ओरडले, तेव्हा धाकटा पाणी घेऊन मैदानात चालला होता. थोडं त्याच्याही वाट्याला आलं. सामना गेला. दोघांचीही कारकीर्द संपली, पैकी एकाच्या बातम्या झाल्या.

सगळे बसमध्ये जाऊन बसले, तरी हे दोघे ड्रेसिंग रूममध्येच होते.

“सांगणार होतो मी त्यांना,” धाकटा म्हणाला. “पण तू असा काही बघत होतास… किती विनवत होतास रे.”

“विनवतच होतो,” थोरला म्हणाला. “स्वतःहून बाजूला व्हायची हिंमत मला कधी झालीच नाही. म्हटलं, तू तरी मला काढशील.”