आईनं घे म्हटल्याशिवाय

सरांनी लाल ठोकळा पुढं धरला, तरी मल्लव्वाचे हात मांडीवरून हलले नाहीत. ती ठोकळ्याकडं बघतच नव्हती. बघत होती बाकावर बसलेल्या आईकडं, आईच्या ओठांकडं.

सिद्धम्मानं पदराचा बोळा दातांत धरला होता. सरांनी दारातच बजावलं होतं, आईनं बोलायचं नाही, खूणही करायची नाही, नाहीतर चाचणी बाद. वळसंगहून पहिल्या गाडीनं लेकीला घेऊन आलेल्या बाईला त्यातला बाद हा शब्द तेवढा पक्का कळला होता. मतिमंद मुलांच्या या शाळेच्या शालनबाईंनी बाकीचं समजावून दिलं होतं. मोठ्या चाचणीला अख्खा दिवस जातो, व्हरांड्यात पोरं खोळंबलीत, म्हणून पुण्याचे सर छोटीच घेतात. पाव तासात ठरतं, पोर वर्गात बसणार की घरी जाणार.

"घे बाळ, हा याच्यावर ठेव," सर गोडीनं म्हणाले. मल्लव्वा ढिम्म. त्यांनी मणी दिले, चित्रं दाखवली, शेवटी खिशातली लिमलेटची गोळीसुद्धा पुढं केली. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला पाणी सुटलं, लाळ हनुवटीवर ओघळली, पण हात काही उठला नाही.

सिद्धम्माच्या ओठांशी एवढासा शब्द येऊन बसला होता. तिनं बोळा आणखी आत कोंबला.

वेळ संपली. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि शालनबाईंना हळूच सांगितलं, काहीच प्रतिसाद नाही, वर्गात निभाव लागायचा नाही.

"आता बोलू काय सर?" सिद्धम्मानं विचारलं.

सरांनी मान डोलावली.

"तिचं काय चुकलं न्हाय, माजंच चुकलं. गल्लीतल्या पोरांनी लोणी हाय म्हनून चुना चाटवलाता तिला. जीभ सोलून निगाली. तवापासनं शिकिवलं, मी घे म्हनल्याबिगर कुनाच्या हातचं घ्यायचं न्हाय. लई दिस गेले त्यात. तेवडं एकच येतंय तिला."

"अहो, मग घे म्हणायचं की बाई."

"तुमीच गप ऱ्हा म्हनला की."

शालनबाईंनी हसू लपवायला तोंड खिडकीकडं वळवलं. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग पुन्हा तोच लाल ठोकळा उचलून मल्लव्वापुढं धरला आणि सिद्धम्माला म्हणाले, "म्हणा आता."

मायलेकींचं घरातलं बोलणं सगळं कानडीतच. "तगो, मल्ली," सिद्धम्मा म्हणाली. घे.

मल्लव्वाचे दोन्ही हात एकदम वर आले. मठात प्रसाद घ्यावा तशी तिनं डाव्या तळव्यावर उजवा तळवा धरला. ठोकळा घेतला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि सरळ तोंडात घातला.

"अगं अगं," म्हणत सिद्धम्मा धावली. बोट घालून तिनं ठोकळा काढला आणि शरमेनं लाल होऊन सरांपुढं धरला. मल्लव्वा मात्र टाळ्या पिटत खिदळत होती.

सरांनी ओला ठोकळा आपल्याच शर्टाला पुसला. "बाहेर सांगा, आज वेळ लागेल, जेवून या म्हणावं," ते शालनबाईंना म्हणाले. मग आपली खुर्ची सोडून ते बाकावर जाऊन बसले, सिद्धम्माला खुर्चीकडं हात केला आणि ठोकळा तिच्या हातावर ठेवला.