जुन्या टीव्हीची पाठवणी

“हात लावायचा नाही,” आई म्हणाली आणि जुन्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून ठाण मांडून बसली.

टीव्ही कंपनीची दोन माणसं दारातच थबकली. त्यांच्याकडे ढकलगाडी होती, पट्टे होते, हातमोजे होते. खुर्चीतल्या म्हातारीवर मात्र त्यांच्याकडे इलाज नव्हता. नवा टीव्ही भिंतीवर लागून आठवडा झाला होता. जुना, पाठीला कुबड असलेला, केव्हाचाच बंद पडला होता. आईनं त्याला शिवलेलं फुलाफुलांचं आवरण तेवढं धडधाकट होतं.

मुलानं सुस्कारा सोडला. रविवारपासून मायलेकांत धड बोलणं नव्हतं. रविवारी जेवताना आईनं जाहीर केलं होतं, की मेल्यावर तिचा देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. कागद आणून तिनं सहीसुद्धा करून ठेवली होती. घरच्या माणसाची सही तेवढी हवी होती.

मुलगा भरल्या ताटावरून उठला होता. “चिरफाड करतील तुझी. लोक माझ्या तोंडात शेण घालतील. फुकट उचलून द्यायला माझी आई काय भंगार आहे?” एवढं बोलून तो खोलीत गेला आणि विषय संपला. निदान त्याच्यापुरता.

आणि आज हा टीव्ही. रविवारचा राग ही आज काढतेय, त्याला वाटलं. या माणसांना बायकोनं बोलावलं असणार. तिनं तरी आधी आईच्या कानावर घालायचं होतं.

“आई, वस्तू त्यांच्याच कंपनीची. नवीन घेतलं की जुनं ते फुकट नेतात.”

“फुकट नेणाऱ्याच्या पोटात काय असतं, ते कुणी पाहिलंय? आतलं तांबंबिंबं काढून घेतील आणि उरलेलं देतील कुठल्यातरी नाल्यात लोटून.”

“नाही हो आजी,” दोघांतला टोपीवाला म्हणाला. “आम्ही तो नीट उघडतो. एकेक भाग सुटा करतो. कामाचं असेल ते पुन्हा कामाला लागतं.”

“म्हणजे चिरफाडच की.”

मुलगा विमा विकायचा. समोरच्याची शंका मुळासकट उपटायची, हा त्याचा रोजचा धंदा होता, आणि त्यात तो चांगला तरबेज होता. त्यानं स्टूल ओढलं, आईसमोर बसला आणि आवाज मऊ केला.

“आई, त्याला काही दुखणार आहे का? चालत होता तोवर टीव्ही. बंद पडल्यावर तो टीव्ही राहतोच कुठे? नुसतं खोकं.”

“शेजारीपाजारी काय म्हणतील? एवढं मोठं घर, आणि यांना एक टीव्ही सांभाळता आला नाही.”

“म्हणू दे. लोकांसाठी आपण घरात अडगळ ठेवायची का? जो कुणाच्या तरी उपयोगी पडेल, तो कोपऱ्यात कुजत ठेवणं हेच खरं पाप आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून नवऱ्याकडे बघतच राहिली. एरवी हा माणूस जुन्या चपलाही टाकू देत नसे.

आईनं आवरणावरून हात फिरवला. “तुझ्या बाबांनी खांद्यावरून आणला होता रे हा. जिना चढताना दोनदा टेकवला, पण हमालाला हात लावू दिला नाही. त्यांची आठवण आहे ती.”

त्या जिन्यावर बाबांच्या मागे खोक्याची पट्टी धरून मुलगाच चालला होता.

“बाबांची आठवण या काचेत नाही, आई,” तो म्हणाला. “ती आपल्यात आहे. ती कुणी उचलून नेऊ शकत नाही.”

या वेळी तो विमा विकत नव्हता. अगदी मनातलं बोलला होता.

आई उठली. खुर्ची बाजूला सारली, आवरण स्वतःच्या हातानं काढलं, झटकलं. “न्या,” ती म्हणाली आणि घडी घालत आतल्या खोलीत गेली.

मुलानं कपाळावरचा घाम पुसला. बायकोकडे बघून त्यानं भुवया उडवल्या, कशी पटवली म्हणून. टीव्ही गाडीवर चढला, पट्टे आवळले गेले. टोपीवाल्यानं पावतीचं पुस्तक आणि पेन पुढं केलं.

“साहेब, सही. नवा टीव्ही तुमच्या नावावर आहे, म्हणून तुमची लागते. नाहीतर बोलावणं आजींचंच होतं.”

“कुणाचं?”

“आजींचं. सोमवारी सकाळी फोन आला त्यांचा. मुलगा घरी असेल तेव्हाच या म्हणाल्या.”

मुलानं बायकोकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तिलाही काही माहीत नव्हतं. त्यानं कशीबशी सही केली आणि मान वर केली, तर समोर आई. हातात आवरणाची घडी, घडीवर रविवारचा कागद.

त्याला राग आला, रडूही आलं. नाही म्हणायला तो तोंड उघडू गेला. पण काय म्हणणार? चिरफाड, लोक, आठवण, सगळ्याची उत्तरं तो नुकताच स्टुलावर बसून देऊन चुकला होता.

“बंद पडल्यावर आई तरी राहते कुठे?” आई म्हणाली. “नुसतं खोकं. कर सही. त्यांना पेन परत द्यायचंय.”